दुखणे सांध्याचे, झीज हाडाची



पाड्यावर आरोग्य शिबिर भरले की तपासणीच्या रांगेत एक तक्रार हमखास ऐकू येते, "हातपाय धरलेत." म्हाताऱ्या माणसाने हे सांगितले तर आपल्याला नवल वाटत नाही. पण कधी कधी हीच तक्रार पस्तिशीतली एखादी बाई सांगते. सकाळी तिला हंडा उचलवत नाही, भाकरी थापताना बोटे वळत नाहीत, भाताच्या लावणीत रोप हातात धरवत नाही. तिच्या पदराच्या गाठीला कागदाची एक पुडी असते. तिच्यात आठवडी बाजारातून आणलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या असतात. "ही घेतली की दोन दिवस काम होतं," असे ती म्हणते.

हा लेख अशा बाईसाठी आहे, आणि आपल्या घरात, आपल्या मंडळीत तेच दुखणे सोसणाऱ्यांसाठीही आहे. तिला दुखते सांध्यात, म्हणून सगळ्यांचे लक्ष सांध्याकडे जाते. पण या आजारात हाडाचेही नुकसान होत असते आणि त्याचा बराच भाग मुकाट्याने होतो. पुडीतल्या गोळीने दुखणे थांबते, पण हाड आणखी कमजोर होते. एवढी एक गोष्ट नीट समजली तरी पुष्कळ माणसांचे पुढचे हाल टळतील.

सगळी सांधेदुखी एक नव्हे

"वात" हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. उतारवयात गुडघ्याची गादी झिजते, तो एक प्रकार. चिकनगुनियाचा ताप येऊन गेल्यावर कित्येक महिने सांधे दुखतात, तो दुसरा. विदर्भातील व सातपुड्यातील आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. त्यातही हाडे आणि सांधे असह्य दुखतात. म्हणून या भागातल्या तरुण माणसाची हाडे दुखत असतील, तर त्याची सिकलसेलची तपासणी आधी झाली पाहिजे. 2023 पासून या आजारासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

आज आपण ज्या आजाराविषयी बोलत आहोत त्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. मराठीत त्याला आमवात म्हणण्याची पद्धत आहे. शंभर माणसांत साधारण अर्धा ते एक, असे त्याचे प्रमाण मानले जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन ते तीन पट जास्त होतो आणि बहुतेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे घर आणि शेत दोन्ही अंगावर असताना सुरू होतो.

ओळखण्याच्या खुणा अशा:

• मनगटे, बोटांची मुळे आणि मधली पेरे सुजतात. पायाच्या बोटांच्या मुळाशीही दुखते. बोटांची टोकाकडची पेरे सहसा सुटतात.
• उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंना दुखते.
• सकाळी सांधे आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला अर्ध्या तासाहून जास्त, पुष्कळदा तासाहून अधिक वेळ लागतो.
• सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकते.
• थकवा येतो, भूक मंदावते, वजन घटते.

गादी झिजलेला गुडघा कामाने दुखतो आणि विश्रांतीने बरा वाटतो. आमवातात उलटे असते. रात्रभर पडून राहिल्यावर सकाळी सर्वांत जास्त त्रास होतो आणि हालचाल केल्यावर तो थोडा कमी होतो.

हाडाच्या आत काय घडते?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा आहे. आमवातात ही यंत्रणा चुकते आणि आपल्याच सांध्यावर हल्ला करते. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते. ते सुजते, जाड होते आणि कडेच्या हाडावर पसरू लागते.

पुढचे समजण्यासाठी हाड म्हणजे काय ते पाहू. हाड दगडासारखे वाटले तरी ते जिवंत असते. पाड्यावरच्या घराची कुडाची भिंत दरवर्षी लिंपावी लागते. जुना पोपडा खरवडून काढायचा आणि त्या जागी नवे शेणमातीचे लिंपण करायचे. हाडातही हेच काम सतत चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड खरवडतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे हाड भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. खरवडणे आणि लिंपणे सारख्या वेगाने चालले की भिंत मजबूत राहते.

आमवातातल्या सुजेमधून काही रसायने रक्तात सुटतात. ती खरवडणाऱ्या पेशींना चेव आणतात आणि लिंपणाऱ्या पेशींचा हात धरून ठेवतात. याचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात.

पहिला परिणाम सांध्याच्या अगदी कडेला. तिथे हाड कुरतडल्यासारखे खड्डे पडतात. आजाराच्या पहिल्या दोन वर्षांतच हे खड्डे एक्स-रेमध्ये दिसू लागू शकतात. एकदा पडलेला खड्डा सहसा पहिल्यासारखा भरून येत नाही. बोटे वाकडी होतात, मनगट हलेनासे होते.

दुसरा परिणाम सांध्याजवळच्या हाडात. ते आतून विरळ होते. हाताच्या एक्स-रेमध्ये आमवाताची ही एक फार लवकर दिसणारी खूण असते.

तिसरा परिणाम सगळ्या अंगाच्या हाडांवर होतो, आणि त्याची जाणीव लोकांना सर्वांत कमी असते. ज्या मणक्याला किंवा खुब्याला कधी सूज आली नाही, तिथलेही हाड हळूहळू पोकळ होते. याला हाडांचा ठिसूळपणा किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आमवात असलेल्यांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. हाड मोडण्याचा धोका मोजण्यासाठी जगभरचे डॉक्टर फ्रॅक्स नावाची पद्धत वापरतात. तिच्यात वय, वजन, धूम्रपान यांबरोबर "ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे का?" असा एक वेगळा प्रश्नच आहे.

यात दुखण्यामुळे कमी झालेल्या हालचालीची भर पडते. हाडावर वजन पडले, स्नायूंनी ते ओढले, तरच ते बळकट राहते. घरात बसून राहिलेल्या बाईचे स्नायू वाळतात, उन्हात जाणे थांबते, तोल जातो आणि ती पडते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांचे हाड तसेही वेगाने झिजते. सगळी संकटे एकाच अंगावर येतात ती अशी.

पांढऱ्या गोळीची गोष्ट

आता पुडीकडे वळू. तिच्यात अनेकदा स्टिरॉइडची गोळी असते. या औषधाची कथा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये सुरू झाली. तिथे 1948 च्या सप्टेंबरमध्ये डॉ. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनचे इंजेक्शन देण्यास सुरुवात केली. काही दिवसांतच ती चालू लागली. जगभर आनंद झाला. 1950 मध्ये हेंच, एडवर्ड केंडॉल आणि तादेउश राइखश्टाइन यांना या क्षेत्रातील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण औषध थांबवले की दुखणे परत येत होते. मोठ्या मात्रेत ते दीर्घकाळ दिलेल्या रुग्णांचे चेहरे सुजले, साखर वाढली, हाडे मोडू लागली. आजार बरा झालेला नव्हता, फक्त दबला होता.

अमेरिकेतल्या डॉक्टरांना त्या काळी जो धडा मिळाला, तो आपल्या आठवडी बाजारात आजही पोचलेला नाही. स्टिरॉइड हाडावर अनेक बाजूंनी घाव घालते. लिंपणाऱ्या पेशींचे काम मंदावते. अन्नातला कॅल्शियम आतड्यात कमी शोषला जातो आणि लघवीवाटे जास्त जातो. मांडीचे स्नायू अशक्त होतात. हाडाची सर्वांत वेगवान झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते. मणक्याचे हाड कधी कधी काहीही न लागता दबते. पाठीत कळ येते किंवा येतही नाही, पण उंची कमी होते, कुबड येते. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते हाड आतल्या आत मरते.

म्हणून स्टिरॉइड विषच आहे, असा अर्थ कोणी काढू नये. खरे औषध लागू पडेपर्यंत मधला काळ निभावून नेण्यासाठी डॉक्टर ते कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी देतात. ते योग्यच आहे. धोका आहे तो महिनोन्महिने, मोजमाप नसताना, नाव न छापलेल्या पुडीतून घेण्यात. "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णातही काही वेळा स्टिरॉइड मिसळलेले सापडते. एका दिवसात चमत्कार करणाऱ्या चूर्णाविषयी शंका घ्यावी.

येथे एक सूचना फार महत्त्वाची आहे. जो माणूस अशा गोळ्या अनेक आठवडे घेत आहे, त्याला "आजपासून फेकून दे" असे सांगू नका. स्टिरॉइड घेत असताना शरीर स्वतःचे तसेच रसायन बनवणे कमी करते. गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकते. पुडीसकट त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. मात्रा हळूहळू कमी कशी करायची ते डॉक्टर सांगतील.

मानेची काळजी

आमवात कधी कधी मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधल्या सांध्यालाही होतो. तिथले बंध सैल पडले तर मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाने मान कडकड मोडून घेऊ नये, हाडवैद्याकडे झटका मारून घेऊ नये. मानेपासून डोक्याच्या मागे कळ जाणे, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली तर लगेच दवाखान्यात जावे. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना "मला आमवात आहे" हे न विसरता सांगावे.

खरे औषध कोणते?

हाड वाचवण्याचा पहिला उपाय म्हणजे सूज विझवणे. सूज आटोक्यात आली की खरवडणाऱ्या पेशींचा चेव उतरतो. यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध मेथोट्रेक्सेट. ते आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि इतर अनेक औषधांच्या मानाने स्वस्त आहे. त्याच्याबरोबर किंवा त्याऐवजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड ही औषधे डॉक्टर देतात. यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. इथेच पुष्कळ रुग्ण धीर सोडतात आणि पुन्हा पुडीकडे वळतात. या दोन-तीन महिन्यांत कोणीतरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

मेथोट्रेक्सेटविषयी चार गोष्टी पाठच कराव्यात.

1. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. एक वार ठरवून टाकावा. चर्चला येणाऱ्यांना रविवार लक्षात राहतो, पाड्यावर बाजाराचा दिवस लक्षात राहतो.
2. डॉक्टर त्याबरोबर फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती टाळू नये. ठरलेल्या वेळी रक्ताची व यकृताची तपासणी करावी. तोंड येणे, ताप, कोरडा खोकला किंवा दम लागणे असे काही झाले तर पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना भेटावे.
3. दारू बंद. मोहाची असो वा दुकानातली, यकृताला दोन्ही सारख्याच.
4. गर्भवतीने हे औषध घेऊ नये. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, ते औषध बदलून देतात.

या औषधांनी भागले नाही तर बायोलॉजिक नावाची महागडी इंजेक्शने असतात. त्यांतल्या काहींमुळे शरीरात झोपलेला क्षयरोग जागा होऊ शकतो. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे.

हाडाला बळ देणारे रोजचे उपाय

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये सांगितल्याप्रमाणे मोठ्या माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतो. पाळी थांबलेल्या स्त्रीला 1200 मिलिग्रॅम. हे ऐकून आपण लगेच दुधाकडे आणि बाटलीतल्या पावडरीकडे पाहतो. पण आदिवासी घरातल्या जुन्या धान्यात हा ठेवा आहेच. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतो, तर तेवढ्याच दुधात सुमारे 120. तीळ, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे, हे सगळे कॅल्शियमचे चांगले साठे आहेत. रेशनचा तांदूळ आला आणि नाचणीची भाकरी मागे पडली, असे अनेक घरांत झाले आहे. ती परत ताटात यावी. स्नायूंसाठी डाळ, अंडी, हुलगे हेही हवे.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते मुख्यतः उन्हातून मिळते. शेतात जाणाऱ्या बाईला ऊन मिळते. पण तीच बाई आजारपणामुळे झोपडीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहिली की ते तुटते. तिला रोज थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून अंगणात उन्हात बसवावे. कमतरता असेल तर डॉक्टर गोळ्या देतात.

हालचाल थांबवू नये. सूज जोरात असेल त्या दिवशी सांध्याला विसावा द्यावा, एरवी रोज चालावे, बोटे उघडमीट करावीत, बसून पाय सरळ करून मांडीचे स्नायू आवळावेत. एका हाताने हंडा उचलण्यापेक्षा दोन्ही हातांनी छोटी कळशी उचलावी.

बिडी सोडावी. धूम्रपानाने आमवात होण्याचा धोका वाढतो, आजार उग्र होतो आणि हाडही झिजते.

पडणे टाळावे. पावसाळ्यातले निसरडे अंगण, रात्री बाहेर जाण्याची अंधारी वाट, ही हाडे मोडण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. अंगणात खडी टाकणे, हाताशी बॅटरी आणि काठी ठेवणे, एवढ्यानेही फरक पडतो.

तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ स्टिरॉइड घ्यावे लागणार असेल, तर हाडांचा धोका किती आहे ते डॉक्टरांना विचारावे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी मोठ्या शहरांत होते. हाड फार विरळ असेल तर अलेंड्रोनेटसारखी औषधे दिली जातात. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी बहुतेक जण डॉक्टर नाहीत. तरीही या आजारात आपल्या हातात पुष्कळ आहे.

पाड्यावर किंवा मंडळीत एखाद्या बाईची मनगटे सुजलेली दिसली आणि सकाळी तासभर हात चालत नाही असे तिने सांगितले, तर तिला "वयाचं आहे" म्हणून परत पाठवू नका. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर हाडातले खड्डे पुष्कळ अंशी टाळता येतात. उशीर झाला तर पडलेला खड्डा भरून देणारे औषध नाही.

तिच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात जा. पाड्यावरच्या बाईला दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे यांचा हिशोब आधी करावा लागतो. आपण दिलेली मदत औषधावर खर्च होते तशी एस.टी.च्या तिकिटावर खर्च झाली, तरी तीही उपचाराचाच भाग आहे असे समजा.

तिच्या औषधांच्या पाकिटावर आठवड्याचा वार मोठ्या अक्षरात लिहून द्या. वाचता येत नसेल तर खूण करा. घरातल्या शाळकरी मुलाला ते समजावून सांगा.

आणि महिन्याने पुन्हा विचारपूस करा. औषधाचा गुण यायला वेळ लागतो, हे तिला त्या वेळी पुन्हा सांगावे लागेल. आपण ज्यांची नावे प्रार्थनेत घेतो, त्यांच्या दारात एकदा जाऊन "गोळी घेतलीस का?" एवढे विचारणे हीही सेवाच आहे. पुढच्या लावणीला तिच्या बोटांना रोप धरता आले, तर त्यात त्या दोन शब्दांचाही वाटा असेल.